सत्तावीस डबे बेशुद्ध

घरी बसून पगार मिळवणाऱ्या माणसाला सास्तुरात अजून कुणी नोकरदार समजत नाही. माझ्याबद्दल गावाचं मत असं पडलं होतं की पोराला पुण्यातून काढून टाकलेलं आहे आणि घरचे ते झाकून ठेवतायत. हे मत मी दोन वर्षं मुकाट्यानं सहन केलं. त्यामुळं ऑक्टोबरात कंपनीचं पत्र आलं, की एक जानेवारीपासून सर्वांनी पुण्याच्या ऑफिसात हजर व्हावं, तेव्हा गावाला बरं वाटलं. नोकरी खरीच निघाली म्हणून. मला मात्र बरं वाटलं नाही.

त्याचं कारण एका वाक्यात सांगता येईल. माझी बायको राजेश्वरी शिक्षिका आहे, तिला सास्तूरच्या शाळेवर बदली मिळायला सहा वर्षं लागली, आणि तेवढ्या काळात मी पुण्यात कॉट बेसिसवर राहून शनिवारी गावी येत होतो. आमची आरोही तीन वर्षांची असताना तिनं एका पाहुण्यांना माझी ओळख "हे शनिवारचे बाबा" अशी करून दिली होती. बाकीच्या वारांचे कोण, हा प्रश्न त्या सज्जन माणसानं तोंडानं विचारला नाही, पण चेहऱ्यावर तो चहा संपेपर्यंत होता. ती आता सहा वर्षांची आहे आणि रोज संध्याकाळी मला पाढे म्हणायला लावते. मला पुन्हा पुण्याला जायचं नव्हतं. एवढंच माझं म्हणणं होतं.

पत्रात खाली बारीक अक्षरात एक पळवाट होती. ज्या कर्मचाऱ्याच्या गावी राहण्यानं कंपनीचा काही विशेष फायदा होतो असं सिद्ध होईल, त्याचा अपवाद करता येईल. म्हणजे फायदा सिद्ध करणं आलं. मी दोन दिवस विचार केला आणि प्लगइन लिहायला घेतलं.

हे प्लगइन प्रकरण थोडं समजावून सांगायला हवं, कारण ते मी माझ्या आईला तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा तिनं शेवटी "जेवलास का?" असं विचारलं. आमची कंपनी गावोगावच्या किराणा दुकानदारांसाठी एक ॲप चालवते. दुकानदार मोबाइलवर साखर, चहापत्ती, साबण मागवतो आणि दुसऱ्या दिवशी टेंपो येतो. हे ॲप चालतं दूर कुठंतरी भाड्यानं घेतलेल्या यंत्रांवर, म्हणजे क्लाउडवर. तिथं कामाचे छोटे छोटे डबे केलेले असतात, त्यांना कंटेनर म्हणायचं, आणि डब्यांच्या अख्ख्या खटल्याला क्लस्टर. आम्ही प्रत्येक तालुक्याला एकेक डबा नेमून दिलेला आहे. डबा आजारी पडला की त्या तालुक्याच्या ऑर्डरी अडकतात. मग पुण्यात चार इंजिनिअर काळ्या पडद्यावर तास तासभर ओळी टाईप करत आजार शोधतात, आणि काही सापडलं नाही की सगळेच डबे बंद करून पुन्हा चालू करतात. माझं प्लगइन, म्हणजे त्याच पडद्याला जोडायचं एक छोटं अवजार, असं असणार होतं की एक ओळ टाईप केली की बस, कोण आजारी आणि कशानं आजारी, हे ते आपणहून सांगेल.

आता आजार ओळखायची पद्धत कुठून आणायची? ती मला शेजारी मिळाली. बलभीमकाका चाळीस वर्षं एका डॉक्टरांकडं कंपाउंडर होते. डॉक्टर वारले, दवाखाना बंद पडला, पण काका काही बंद पडले नाहीत. ओट्यावर बसल्या बसल्या ते येणाऱ्याजाणाऱ्याची नाडी धरतात आणि तीनच प्रश्न विचारतात. काल काय खाल्लं, किती वेळा झाली, आणि झोप लागली का. तेवढ्यावर ते सांगतात की घरी बस, की लोहाऱ्याला जा, की थेट सोलापूर गाठ, आणि त्यांचं सांगणं सहसा चुकत नाही. मी म्हटलं, डब्याला तरी याहून वेगळं काय विचारायचं असतं? त्यात शेवटचा बदल काय केला, तो किती वेळा कोलमडला, आणि त्याला क्षणभर उसंत मिळते की नाही. नाडी म्हणजे दर तासाला येणाऱ्या ऑर्डरी. मी प्लगइनचं नावच 'बलभीम' ठेवलं.

काकांना हे सांगायला गेलो तर त्यांनी विचारलं, त्यात सुई आहे का. मी म्हटलं, नाही, ते फक्त आजार सांगतं. काका निराश झाले. नुसता आजार सांगून पेशंटचं समाधान कधी होत नसतं, हे त्यांनी मला अर्धा तास सोदाहरण पटवलं. मी घरी येऊन बलभीममध्ये औषधाची सोय केली. पहिला डोस, डबा बंद करून चालू करणं. त्यानं गुण आला नाही तर दुसरा डोस, डबा उचलून नव्या यंत्रावर हलवणं.

रात्री जेवताना हे सगळं मी आण्णांना सांगण्याची चूक केली. माझे वडील आण्णासाहेब निवृत्त ग्रामसेवक आहेत. त्यांच्या मते जगातली कुठलीही कारवाई संबंधितांना कळवल्याशिवाय केली तर ती टिकत नाही. त्यांनी भाकरी खाली ठेवली आणि विचारलं की दोन डोस देऊनही डबा उठला नाही, तर त्या तालुक्याच्या दुकानदारांना नोटीस कोण देणार. मी म्हटलं, नोटीस कशाला? त्यावर त्यांनी त्यांच्या नोकरीतली तीन प्रकरणं सांगितली, ज्यांत नोटीस न दिल्यामुळं काय काय झालं. तिसरं प्रकरण संपेपर्यंत माझं कालवण गार झालं होतं आणि मी तिसरा डोस कबूल करून बसलो होतो. दोन्ही डोस वाया गेले तर तालुक्यातल्या झाडून सगळ्या दुकानदारांना आपोआप फोन जाईल आणि बाईचा आवाज विचारेल की आपलं ॲप सुरळीत आहे का, असल्यास एक दाबा.

असं आमचं अवजार तयार झालं. बुद्धी बलभीमकाकांची, कायदा आण्णांचा आणि टायपिंग माझं.

यानंतर कंपनीचा कागदी कारभार सुरू झाला. अपवाद हवा असणाऱ्यानं दोन दाखले जोडायचे होते. एक घरी इंटरनेट अखंड असल्याचा, दुसरा घरी शांतता असल्याचा. इंटरनेटचा दाखला धोंडप्पानं दिला, ज्यानं उमरग्याहून आमच्या गावात केबल आणली. त्यानं लिहिलं, "सदर घरी नेट अखंड चालू असते. वानरे आल्यास आमची जबाबदारी नाही." कंपनीनं हा कागद परत पाठवून वानरांचं प्रमाण विचारलं. मग राजेश्वरीनं तिसरीच्या वर्गात चौकशी केली आणि सहा महिन्यांत वानरं कोणत्या तारखांना आली याचा तक्ता करून दिला. तिसरीच्या मुलांना ही माहिती तोंडपाठ होती.

शांततेचा दाखला शेजाऱ्याकडून घ्यायचा होता. भूकंपानंतर गाव नव्यानं वसलं तेव्हा घरं एकमेकांपासून ऐसपैस बांधली गेली, त्यामुळं आम्हाला बलभीमकाका सोडले तर हाकेच्या अंतरावर एकच शेजारी आहे, सिद्धाराम. त्याचं किराणा दुकान आहे आणि दुकानाला लागून पिठाची गिरणी. मी गिरणी बंद असताना गेलो. त्यानं कागद वाचला, सही केली आणि म्हणाला की वीस वर्षांत त्याला स्वतःला गिरणीचा आवाज आलेला नाही. मी पुढं काही विचारलं नाही.

माझ्या विभागाच्या प्रमुख श्रावस्ती मॅडम. मूळच्या नागपूरच्या, बोलायला स्वच्छ आणि कामाला कडक. त्यांनी दाखले बाजूला ठेवले आणि सांगितलं की प्लगइन सगळ्यांसमोर चालवून दाखवा. पुण्याचा माझा सहकारी रणधीर मुद्दाम एक डबा आजारी पाडणार, कोणता ते सांगणार नाही, आणि बलभीमनं तो शोधायचा. सापडला तर त्या माझ्या अपवादाची शिफारस करणार. दिवस त्यांनीच ठरवला. शुक्रवारी सकाळी ऑर्डरी सगळ्यात जास्त येतात, तेव्हा डिसेंबरातला तिसरा शुक्रवार, सकाळी अकरा. मी लगेच हो म्हटलं. मागं वळलो तर आई सुपात डाळी घेऊन दारात उभी होती.

"त्या दिशी येळवस हाय," ती म्हणाली.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं घराला कुलूप लावून सगळं गाव शेतात जातं. शेतात कडब्याची कोपी म्हणजे झोपडी करतात, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतात, आणि सगळ्या डाळी-पालेभाज्यांची भज्जी, उंडे, खीर, मडक्यातलं आंबील असा नैवेद्य होतो. मग वाटेनं जाणारा कोणीही असो, त्याला हाक मारून पानावर बसवतात. येळवसीला घरात राहिलेला माणूस एकतर आजारी असतो किंवा चोर.

मी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला तारीख बदलायची विनंती केली. तर कंपनीच्या सुट्ट्यांच्या यादीत असा सण नव्हता, आणि यादीबाहेरच्या सणाला कारणांचा वेगळा फॉर्म होता. तो मंजूर व्हायला पंधरा दिवस लागतात. हे रणधीरला सांगितलं तर तो हसत म्हणाला की गावाकडून काम करायचं म्हणजे हे असंच व्हायचं. इथं माझा स्वाभिमान जागा झाला. स्वाभिमानाची ही खोड आहे की तो नेमका नको तेव्हा जागा होतो. मी म्हटलं, तारीख तीच राहू दे, मी शेतातून दाखवतो.

पुढचे आठ दिवस मी फक्त शेतातल्या सोयीचा विचार केला. मोबाइलला रेंज फक्त विहिरीशेजारच्या मोटारीच्या खोलीवर मिळते, म्हणून तिथं शिडी लावून घेतली. धोंडप्पानं बॅटरी आणि इन्व्हर्टर वर चढवून दिला. डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून आईची जुनी साडी चार काठ्यांना बांधली. लॅपटॉपसाठी पोत्यांची बैठक केली. धूळ, ऊन, बॅटरी, रेंज, मुंग्या, सगळ्याचा बंदोबस्त झाला. इतका दूरदर्शी माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता.

येळवसीच्या दिवशी आम्ही आठलाच शेतात पोचलो. आण्णा आंबील शिंपडत कोपीभोवती फिरले आणि त्यांच्या वडिलांकडून आलेले कानडी वळणाचे शब्द म्हणाले, ज्यांचा अर्थ त्यांनाही ठाऊक नाही. बलभीमकाका पाहुणे म्हणून आले होते. शेजारच्या बांधापलीकडं सिद्धारामचं कुटुंब, त्यापलीकडं आणखी कुणाची कोपी, आणि नजर जाईल तिथवर ज्वारीत माणसंच माणसं. मी वर चढलो, शर्टाची वरची गुंडी लावली आणि अकराला पाच कमी असताना मीटिंगमध्ये शिरलो. पुण्यातून मॅडम, रणधीर आणि आणखी सहा चेहरे दिसत होते.

मी प्रस्तावना केली, ती बरी झाली. मग बलभीमची ती एक ओळ टाईप केली.

बलभीमनं डबे मोजले, प्रत्येकाला तीन प्रश्न विचारले, प्रत्येकाची नाडी धरली, आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटू लागली. लोहारा, नाडी नाही. उमरगा, नाडी नाही. औसा, निलंगा, तुळजापूर, उदगीर, अक्कलकोट, नाडी नाही. यादी थांबेचना. सत्तावीस डबे बेशुद्ध. पलीकडं सगळे चेहरे पडद्याच्या जवळ आले. रणधीर घाईघाईनं सांगत होता की त्यानं एकाच डब्याला हात लावलाय, बाकीच्यांचं त्याला काही माहीत नाही. मॅडमनी नेहमीच्या शुक्रवारचे आकडे मागवले. या तालुक्यांतून एव्हाना दोन हजारांवर ऑर्डरी यायला हव्या होत्या. सकाळपासून एकही आली नव्हती.

खरं सांगतो, मला आनंद झाला. एवढा मोठा आजार कंपनीत कुणालाही दिसला नव्हता आणि तो माझ्या बलभीमनं पकडला होता. मी गंभीर आवाजात मॅडमना म्हटलं की औषध द्यायची परवानगी असावी. त्यांनी दिली. मी पहिला डोस दिला. सत्तावीस डबे बंद झाले, चालू झाले, आणि नाडी शून्य. दुसरा डोस दिला. सत्तावीस डबे नव्या यंत्रांवर गेले. तीही भाड्याचीच, आणि आधीची रिकामी व्हायच्या आत घेतलेली, म्हणजे भाडं दुप्पट. नाडी शून्य. खालून आई म्हणत होती की नैवेद्य झालाय, खाली ये. मी तिला हातानं थांब म्हटलं आणि बलभीमनं माझी वाट न बघता तिसरा डोस दिला.

पहिला फोन वाजला तो बांधापलीकडं. सिद्धारामच्या खिशात. त्यानं भज्जीचा घास तोंडात असतानाच फोन कानाला लावला. तेवढ्यात त्याच्या पलीकडच्या कोपीत वाजला. मग ओढ्याच्या अंगाला दोन, मग माकणीच्या रस्त्याला एक, मग सगळ्या शिवारात वेगवेगळ्या भक्तिगीतांच्या आणि लग्नाच्या बँडच्या चाली सुरू झाल्या. तुरीतून, ज्वारीतून, हरभऱ्यातून माणसं उठून उभी राहायला लागली, डावा हात कानाला, उजवा खरकटा हात अंगापासून लांब धरलेला. मी उंचावर होतो, त्यामुळं मला सगळं स्वच्छ दिसत होतं. लोहारा तालुक्याचे माझे निम्मे बेशुद्ध पेशंट माझ्यासमोर जेवत होते.

सिद्धारामनं फोन खाली घेतला आणि मला हाक मारली. "कुलदीप, तुमच्या कंपनीची बाई इचारायलीय, सगळं सुरळीत हाय का म्हणून. म्या म्हनलं, मीठ जरा कमी हाय."

माझ्या लॅपटॉपमधून मॅडमचा आवाज आला. त्यांनीही ते ऐकलं होतं.

"कुलदीप, तुम्ही आत्ता कुठं आहात?"

"शेतात, मॅडम."

"का?"

"आज येळवस आहे. आमच्या भागात या दिवशी सगळे शेतात जातात."

"सगळे म्हणजे?"

"सगळे, मॅडम."

"दुकानदारसुद्धा?"

मी सिद्धारामकडं पाहिलं. तो दुसरं वाढून घेत होता. "दुकानदारसुद्धा."

मॅडमनी विचारलं, "हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"लहानपणापासून," मी म्हटलं.

पलीकडं कुणीतरी तोंड दाबून हसलं. रणधीरनं तर कॅमेराच बंद केला, पण त्याच्या खुर्चीचा आवाज येत होता. तेवढ्यात आई शिडीवरून अर्धी वर आली. तिला पडद्यावरचे चेहरे दिसले आणि तिनं विचारलं की ही लेकरं जेवली का. मॅडम म्हणाल्या, नाही. आई म्हणाली, सणाच्या दिवशी उपाशी कशाला बसवलंय त्यांना? हा प्रश्न मला होता. मग मॅडमनी अगदी आदबीनं आईला विचारलं की आणखी कोणकोणत्या दिवशी आमच्याकडं दुकानं बंद असतात. आईनं शिडीवर उभ्या उभ्या पोळा सांगितला, कोणत्या गावाची जत्रा कोणत्या महिन्यात ते सांगितलं, अमुक गावात बुधवारी बाजार म्हणून तिथलं किराणा दुकान मंगळवारी रिकामं असतं तेही सांगितलं. पुण्यात सात माणसं खाली माना घालून लिहून घेत होती. मी माझ्याच छपराखाली, माझ्याच पोत्यांवर बसून ऐकत होतो. त्यातलं निम्मं मलाही नवीन होतं.

मीटिंग संपल्यावर मी यादी पुन्हा वाचली. तळाशी, सत्तावीस बेशुद्धांच्या खाली, अठ्ठाविसावी ओळ होती. आष्टीचा डबा, काल केलेल्या बदलामुळं आजारी, औषध असं असं. रणधीरनं आजारी पाडलेला तो हाच. बलभीमनं तो बरोबर ओळखला होता, कारणासकट. पण ती ओळ बघायला आता माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि मॅडमना फोन करून ती दाखवायची माझी छाती झाली नाही. मी रणधीरला मेसेज केला. त्यानं अंगठा पाठवला.

खाली उतरून पानावर बसलो तेव्हा बलभीमकाकांना सगळा प्रकार सांगावा लागला, कारण नाव त्यांचं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की नाडी धरायच्या आधी पंचांग बघितलं होतं का. मी म्हटलं, तुम्ही तर तीनच प्रश्न विचारता.

"ते पेशंटला," काका म्हणाले. "आदी म्या भिंतीवरचं क्यालेंडर बगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिशी सगळ्या गावाचं पोट बिघडलेलं असतंय, त्याला काय आजार म्हनत न्हाईत."

मी म्हटलं, हे आधी सांगायचं. काका म्हणाले, तू विचारलं नाहीस, आणि आंबिलाचा गडवा माझ्याकडं सरकवला.

शनिवार-रविवार वाईट गेले. नव्या यंत्रांच्या भाड्याचं आणि साडेतीन हजार फोनांचं स्पष्टीकरण मी लिहून पाठवलं. आण्णांनी ते तपासून त्यात दोन ठिकाणी 'नजरचुकीने' असा शब्द घातला. गावात मात्र माझी पत वाढली, कारण बाईचा फोन कुणाकुणाला आला आणि तो कुलदीपनं करवला, ही बातमी सगळ्या शिवारात पोचली होती. लोक मला थांबवून सांगत होते की आम्ही एक दाबला बरं का. मी पुण्याची बॅग माळ्यावरून काढली आणि झटकून उन्हात ठेवली. आरोही तिच्याभोवती दोन चकरा मारून गेली. संध्याकाळी तिनं मला सतराचा पाढा म्हणायला सांगितला आणि मी सतरा सातीला अडकलो. मला तेव्हा रडू आलं, ते पाढा येत नव्हता म्हणून, असं मी तिला सांगितलं. तिनं सावकाश, एकेक आकडा वाढवत मला तो पूर्ण करून दिला.

सोमवारी दुपारी कंपनीचा निर्णय आला. मला तो उघडवेना. राजेश्वरी शाळेतून आल्यावर तिनं उघडला, पण तो इंग्रजीत आणि कायद्याच्या भाषेत होता, म्हणून आण्णांनी तो हातात घेतला. त्यांनी चष्मा पुसला, ओट्यावर बैठक मारली आणि पत्र मराठीत करत करत, त्यांच्या जुन्या नोकरीच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. आई, बलभीमकाका आणि दळण घ्यायला निघालेल्या दोन बायका थांबून ऐकू लागल्या. पत्र श्रावस्ती मॅडमच्या सहीचं होतं.

"विषय, अपवाद मंजुरीबाबत. उपरोक्त कर्मचाऱ्याने तयार केलेले साधन आष्टी येथील बिघाड अचूक शोधत असल्याचे रणधीर यांनी निदर्शनास आणले असून त्यात दिनदर्शिकेची भर घालून ते वापरात घेण्यात येत आहे. तथापि," इथं आण्णा थांबले. तथापि या शब्दाबद्दल त्यांना पूर्वीपासून आदर आहे. "तथापि, सदर कर्मचारी गावात वास्तव्यास असूनही, व खुद्द सणाच्या दिवशी सणाच्या ठिकाणी बसलेला असूनही, गाव सणाला गेले आहे ही बाब त्याच्या लक्षात आली नाही. सबब अशा इसमास पुण्यात आणल्यास त्याचे काय होईल, याची कल्पना करवत नाही. त्यास गावीच, मातोश्रींच्या नजरेखाली ठेवणे कंपनीच्या हिताचे आहे."

दळणवाल्या बायकांपैकी एक म्हणाली की बाई शहाणी दिसते. आईनं मान हलवली. बारा वर्षांच्या नोकरीत माझ्याबद्दल लिहिलेलं सगळ्यात मोठं वाक्य हे होतं, आणि ते माझ्याच बापानं खणखणीत आवाजात चौघांत वाचून दाखवलं होतं. मी म्हटलं, हा माझा अपमान आहे, याला मी उत्तर देणार. मी खरोखरच लॅपटॉप आणायला उठलो.

राजेश्वरीनं मला हाताला धरून खाली बसवलं. तिनं आण्णांच्या हातातला कागद घेतला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्यापुढं धरला.

"अपमान झालाय, हे कबूल," ती म्हणाली. "पण किती दिवसांसाठी झालाय, ते बघा की."

मी वाचलं. पुढील आदेश होईपर्यंत, असं लिहिलं होतं.